कोर्स झाला, पुढं काय?



आम्ही शिरूर आणि दौंड तालुक्यांत बचत गटांचं काम बघतो. गटाची मीटिंग कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. बचत गोळा होते, हप्ते जमा होतात, प्रोसिडिंगवर सह्या होतात आणि सतरंजी उचलायच्या वेळेला एखादी बाई हळूच बाजूला घेऊन विचारते, "ताई, पोरीचा कोर्स झालाय. कुठं चिकटवता येईल का?" पोरगी काही पोस्टाचं तिकीट नाही चिकटवायला, पण तो बोलण्याचा भाग झाला. काळजी खरी असते. हा प्रश्न इतक्या गावांत इतक्या वेळा आला, की आजचं बोलणं त्यावरच करायचं ठरवलं.

आपल्या भागात काम नाही, असं कुणी म्हणू नये. नगर रस्त्याला रांजणगावची एमआयडीसी आहे. फ्रिज, वॉशिंग मशीनपासून मोटारगाड्यांपर्यंत सगळं तिथं बनतं. सोलापूर रस्त्याला कुरकुंभला रसायनांच्या कंपन्या आहेत. दौंड रेल्वेचं मोठं जंक्शन. शिवाय साखर कारखाने, गुऱ्हाळं, डेअऱ्या, दवाखाने. शिकायची सोयही आहे. आयटीआय आहे, गावोगावी शिवणक्लास आहेत, नर्सिंगचे, पार्लरचे, कॉम्प्युटरचे कोर्स आहेत. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये तर राज्यात प्रमोद महाजन यांच्या नावानं 511 ग्रामीण कौशल्य विकास केंद्रं एकाच दिवशी सुरू झाली. म्हणजे विहीर आहे, पोहराही आहे. दोर कुठं तुटतो, ते बघायचंय.

आणि हा दोर तुटला की नुकसान कुणाचं होतं तेही बघा. फी भरायला आईनं गटातून अंतर्गत कर्ज घेतलेलं असतं. पोरीला नोकरी लागो न लागो, हप्ता दर महिन्याला द्यावाच लागतो. त्याच्यापुढची गोष्ट जास्त वाईट. कोर्स संपून सहा महिने पोरगी घरात दिसली, की घरात बोलणं सुरू होतं, "शिकवून काय उपयोग झाला?" वर्ष झालं की स्थळं यायला लागतात. आणि धाकटीचं शिक्षण तर थोरलीकडं बघूनच ठरतं. एका घरात थोरलीचं सर्टिफिकेट लॅमिनेशन करून भिंतीला लावलंय आणि धाकटीला दहावीनंतर घरी बसवलंय. त्या आईला विचारलं तर म्हणाली, "ताई, एकीचा कागद आहे की भिंतीला. दुसरा कुठं लावू?" यावर बोलायला आमच्याकडं तेव्हा काही नव्हतं.

मग आम्ही असं ठरवलं, की मुली परत का येतात ते मुलींनाच विचारायचं, आणि जमलं तर कंपनीतल्या माणसांनाही.

शिरूर तालुक्यातली एक मुलगी. इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा कोर्स, मार्क चांगले, हजेरी पूर्ण. एका कंपनीत मुलाखतीला गेली. सुपरवायझरनं टेबलावर मल्टिमीटर ठेवला आणि म्हणाला, या वायरमध्ये सप्लाय आहे का बघून सांग. मुलीला ओहमचा नियम तोंडपाठ होता. मल्टिमीटर तिनं बघितलाही होता, पण सरांच्या हातात. बॅचला मुलं वीस आणि चालू मीटर दोन. पुढं उभी राहणारी मुलं ते हातात घ्यायची, ही मागं. ती मीटरकडं बघत उभी राहिली आणि घरी आली.

आमच्यातल्या एकीची त्या सुपरवायझरशी ओळख निघाली. विचारलं, एवढ्यावरून नाही म्हणालात? ते म्हणाले, "मॅडम, मीटर धरायला मी अर्ध्या तासात शिकवला असता. तिनं 'येत नाही, दाखवा' एवढं म्हणायला पाहिजे होतं. ती काहीच बोलली नाही. उद्या मशीनवर काही बिघडलं आणि अशीच गप्प राहिली, तर?"

मैत्रिणींनो, हे आम्हाला फार लागलं. कारण ही गप्प राहायची सवय कोर्समध्ये लागत नाही, ती आपल्या घरात लागते. मोठ्यांपुढं बोलू नको, खाली बघून उत्तर दे, चुकलं तरी वाच्यता करू नको. लहानपणापासून हेच शिकवलेली मुलगी कारखान्यात उभी राहते. तिथं पीस बिघडला तर लगेच सांगायचं असतं. लपवला तर त्याच्यामागं शंभर बिघडतात. "मला समजलं नाही, परत सांगा" हे वाक्य तिथं उद्धटपणाचं नसतं, कामाचं असतं. मुलं हे गावातल्या गॅरेजवर, मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात उभं राहून फुकट शिकून घेतात. शिव्या खातात आणि शिकतात. मुलीला दुकानात कोण उभं राहू देतं? म्हणून एकाच वर्गात बसलेली दोघं बाहेर पडतात तेव्हा सारखी नसतात, मार्क सारखे असले तरी.

शिवणकामाची तऱ्हा वेगळी. आपल्या गटांतल्या निम्म्या मुलींनी शिवणक्लास केलाय. ब्लाऊज, परकर, पंजाबी ड्रेस, पिको-फॉल येतं. पण कपड्यांच्या कारखान्यात अख्खा ब्लाऊज कुणी शिवत नाही. एकीनं दिवसभर कॉलर जोडायची, दुसरीनं दिवसभर बाही. मशीन पायाचं नाही, मोटारीचं. पाय जरा जोरात पडला की कापड पळतं. आणि मोजणी तासाची, एका तासात किती नग निघाले. क्लासमध्ये सुंदर बुट्टी काढणारी मुलगी तिथं तिसऱ्या दिवशी रडते. तिचा हात वाईट नसतो, त्याला वेगाची सवय नसते. क्लास तीन महिन्यांचा आणि त्यात पंधरा बायकांत चार मशिनी असतील, तर प्रत्येकीचा पाय मशीनवर किती तास पडला, हे तुम्हीच मांडून बघा.

आता थोडं मागं जाऊ. आपल्याच दौंड तालुक्यात, केडगावला, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रेल्वेनं जाताना स्टेशन लागतं, नाव सगळ्यांना माहीत असतं, पण आत काय काय चालायचं ते आपल्या फार जणींना ठाऊक नाही. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी, निराधार मुली आणि बालविधवा इथं आणल्या. पुढं 1900 च्या दुष्काळात गुजरातकडच्याही आल्या. शेकड्यांनी मुली. त्यांना नुसतं सांभाळून भागणार नव्हतं. मग शेती, गाई-म्हशी, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, धुलाई असं सगळं काम तिथं उभं केलं आणि ते मुलींच्या हाती दिलं. छापखानासुद्धा. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं, त्याचे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं काम केडगावातल्या बायकांनी केलं. 1922 साली रमाबाई वारल्या. ज्यांना घरानं ओझं म्हणून टाकलं होतं, त्यांच्या हातून शंभर वर्षांपूर्वी आपल्या केडगावात पुस्तकं छापली जात होती.

धर्माची बाजू ज्याची त्याला. आम्हाला यातलं जे घ्यायचंय ते एवढंच, की तिथं शिकणं आणि काम वेगळं नव्हतं. दूध काढलं नाही तर मुलींना दूध मिळत नव्हतं. खिळा उलटा लागला तर छापलेल्या कागदावर सगळ्यांना दिसत होता. चूक वहीत राहत नव्हती.

तसंच दुसरं उदाहरण शिरूर तालुक्यातलं, पाबळचं. 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबाग नावाच्या शास्त्रज्ञानं तिथं विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरसारख्या कंपनीतलं संशोधनाचं काम सोडून हा माणूस पाबळसारख्या कोरडवाहू गावात येऊन राहिला. शाळा सुटलेल्या, नापास झालेल्या मुलांना घेऊन त्यांनी ग्रामीण तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम चालवला. वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, वीज, शेती, जनावरं, अन्नप्रक्रिया, आरोग्य, सगळं थोडं थोडं, पण सगळं हातानं. आणि गावाला लागणारी कामं विद्यार्थ्यांनी करायची. माती तपासून द्या, पाणी तपासून द्या, रक्तातलं हिमोग्लोबिन बघा, फाटक बनवून द्या. 2002 साली अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेच्या मदतीनं तिथं फॅब लॅबही आली, म्हणजे कॉम्प्युटरवर आखून मशीनवर वस्तू कापायची प्रयोगशाळा. डॉ. कलबाग 2003 मध्ये गेले, पण आश्रमाचं काम चालू आहे. त्यांची पद्धत बऱ्याच शाळांत पोचली आहे. आठवी ते दहावीच्या मुलामुलींना आठवड्यातला एक दिवस हातानं काम.

यात मुलींच्या बाबतीत एक गोष्ट महत्त्वाची वाटते. वेल्डिंगच्या दिवशी मुलीही वेल्डिंगच करतात आणि स्वयंपाकाच्या दिवशी मुलांनाही चिक्की करावी लागते. मशीन हातात घ्यायची भीती तेराव्या-चौदाव्या वर्षी गेली, तर अठराव्या वर्षी मल्टिमीटरकडं नुसतं बघत उभं राहायची पाळी येत नाही.

म्हणून आम्ही गटांना सांगतो, फी भरायच्या आधी क्लास बघून या. एकटं नाही, दोघी-तिघींनी जा, आई असेल तर बरंच. आतमध्ये मशिनी किती आहेत आणि त्यातल्या चालू किती, हे डोळ्यांनी बघा. "चालू करून दाखवता का?" म्हणायला लाजू नका, आपण म्हैस घेताना धार काढून बघतोच की. मागच्या बॅचच्या मुली कुठं आहेत ते विचारा, आणि तीन मुलींचे फोन नंबर मागा. भिंतीवरच्या फोटोंपेक्षा त्या तीन फोनवर जास्त कळतं. सर्टिफिकेट कुणाचं मिळणार तेही विचारा. क्लासच्या मालकाच्या सहीचा रंगीत कागद आणि सरकारमान्य परिषदेचं प्रमाणपत्र यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि "शंभर टक्के नोकरीची हमी" असा बोर्ड असेल, तर ती हमी लिहून मागा. आम्ही एके ठिकाणी मागितली तेव्हा चहा मिळाला, लिहून काही मिळालं नाही.

आता कोर्स झालेल्यांसाठी. आयटीआय झाल्यावर सगळ्यांची घाई असते थेट नोकरीची. त्याच्या मधे एक पायरी आहे, ती आपल्याकडं फार मुली गाळतात. शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिस. याचा कायदा 1961 चा आहे. आजच्या नियमानं ज्या आस्थापनेत 30 किंवा जास्त माणसं कामाला आहेत, तिला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. म्हणजे रांजणगावातली, कुरकुंभमधली बहुतेक कंपनी यात येते. नोंदणी सरकारी पोर्टलवर ऑनलाइन होते. विद्यावेतन मिळतं. 2019 च्या नियमांत आयटीआय झालेल्यांना महिन्याला किमान 7 हजार, नुसती दहावी असेल तर 6 हजार ठरवलेले होते. कंपनी जास्तही देऊ शकते.

हे पैसे बघून घरचे नाक मुरडतात. ठेकेदार सुरुवातीलाच दहा-बारा हजार सांगतो, मग शिकाऊ कशाला? हिशोब असा आहे. ठेकेदाराकडून गेलेली मुलगी बहुतेक वेळा पॅकिंगला किंवा सामान लावायला उभी राहते. दोन वर्षांनी विचारलं काय येतं, तर पॅकिंग. शिकाऊ मुलीला तिच्या ट्रेडचं काम द्यावं लागतं, शेवटी परीक्षा होते आणि पास झाली की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारीचं प्रमाणपत्र मिळतं. ते दुसऱ्या कंपनीतही चालतं, सरकारी भरतीतही त्याला किंमत आहे. मात्र एक नीट समजून घ्या. शिकाऊ म्हणजे कायम नव्हे. वर्ष संपलं की कंपनी ठेवून घेईलच असं नाही, आणि त्या काळात पीएफही कापला जात नाही. हे आधी माहीत असलं की नंतर फसवलं असं वाटत नाही.

2024 साली राज्यानं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावीला 6 हजार, आयटीआयला 8 हजार, पदवीधराला 10 हजार. त्यातून आपल्याकडच्या बऱ्याच मुली सरकारी कार्यालयांत लागल्या. घराजवळ, वेळ ठरलेली, म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. आमचं मत विचाराल, तर ज्या मुलीनं ट्रेड शिकलाय तिनं ट्रेडचंच काम जिथं मिळेल तिथं जावं. फायली लावण्यात सहा महिने गेले, तर हाताला आलेलं कामही विसरतं.

ज्यांना घर सोडून जाणं शक्यच नाही, अंगावरचं पोर आहे, सासू आजारी आहे, त्यांच्यासाठी आरसेटी हा रस्ता आहे. बँका चालवतात, राहणं-जेवण-शिकणं फुकट, आणि नंतर दोन वर्षं धंद्याला मार्गदर्शन. कर्नाटकातल्या उजिरे गावी 1982 साली याची सुरुवात झाली, आता जिल्ह्याजिल्ह्यांत आहे. पण तिथं स्वतःचा धंदा काढायचं शिकवतात, कंपनीसाठी तयार करत नाहीत. जिला जे पाहिजे तिथं तिनं जावं.

नोकरी लागली, पण महिन्याभरात सोडून आली, असंही पुष्कळदा होतं. कारण विचारलं तर घरचे म्हणतात "झेपलं नाही". आम्ही नीट बसून ऐकलं, तेव्हा निघालं की काम झेपलं होतं, बाकीचंच झेपलं नाही. आठ तास उभं राहायची सवय नाही. सकाळच्या पाळीला जायचं तर पहाटे उठून आधी घरचा स्वयंपाक, कारण नोकरी लागली म्हणून चूल कुणी वाटून घेत नाही. भावाला नोकरी लागली की त्याच्या डब्यासाठी अख्खं घर उठतं, बहिणीला लागली की ती सगळ्यांचा डबा करून जाते. हे आपण बायकांनीच घरात मोडायचं आहे. सासू किंवा आई म्हणाली "जा, भाकरी मी थापते", तर निम्म्या नोकऱ्या टिकतील.

रात्रपाळीचा प्रश्नही नेहमी येतो. महाराष्ट्रात 2015 च्या दुरुस्तीनंतर कारखान्यात बायकांना रात्रीच्या पाळीत काम करता येतं, पण सुरक्षेची आणि घरापर्यंत ने-आण करायची सोय मालकानं करायची असते. ती सोय आहे का, गाडी गावात येते की फाट्यावर सोडते, हे रुजू व्हायच्या आधी विचारायचं. फाट्यापासून घर दोन किलोमीटर असेल, तर ती सोय झाली नाही. आणखी एक. जिथं 10 किंवा जास्त माणसं काम करतात तिथं 2013 च्या कायद्यानं अंतर्गत तक्रार समिती असावी लागते. तिच्यातल्या बायकांची नावं पहिल्या आठवड्यात विचारून ठेवायची. काही झाल्यावर शोधायला लागू नये.

पगाराचा कागद वाचता आला पाहिजे. 12 हजार सांगितले आणि हातात कमी आले की मुली घाबरतात, नाहीतर भांडतात. पीएफचे मूळ पगारावर 12 टक्के आपले जातात आणि तेवढेच मालक घालतो. ईएसआय असेल तर आपला पाऊण टक्का जातो, मालकाचे सव्वातीन. त्या पाऊण टक्क्यात दवाखाना आहे, बाळंतपणाची रजाही आहे. हे कापणं फसवणूक नाही. पण पीएफचा नंबर मोबाइलला जोडला नसेल आणि पैसे जमा होतात की नाही हे कुणी बघत नसेल, तर ते मात्र बघायला पाहिजे. ठेकेदार "कपडे", "कार्ड", "इतर" असं काही कापत असेल, तर लेखी मागायचं.

आमच्या काही गटांनी यावर्षीपासून एक केलंय. मीटिंगच्या शेवटी अर्धा तास ठेवलाय. गावातल्या कंपनीत कामाला जाणाऱ्या एखाद्या बाईला किंवा मुलाला बोलवायचं, आणि कोर्स झालेल्या मुलींनी त्याच्यासमोर उभं राहून स्वतःबद्दल बोलायचं. कुठला ट्रेड, काय येतं, काय येत नाही. "काय येत नाही" हे मुद्दाम सांगायला लावतो. पहिल्या वेळेला एकीनं पदर तोंडात धरला आणि खाली बसली. तिसऱ्या महिन्यात तीच मुलगी आलेल्या मुलाला विचारत होती, "तुमच्याकडं व्हर्नियर डिजिटल आहे का साधा?" एका गावात मोटर दुरुस्तीच्या दुकानदार काकांना गटानं सांगून ठेवलंय, की सुट्टीच्या दिवशी दोन मुली येऊन बसतील, पगार नको, हत्यारं हातात द्या. काका आधी म्हणाले, "लोक काय म्हणतील?" गटातल्या म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, "लोकांच्या मोटारी दुरुस्त होतील, दुसरं काय म्हणणार?" दोघी जातायत.

शेवटचं कागदपत्रांचं सांगतो, कारण त्यावरून सर्वांत फुकट फेऱ्या होतात. दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, पासबुकावर तिसरं, असं आपल्याकडं घरोघरी आहे. लग्न झालेल्या मुलीचं तर हमखास. सर्टिफिकेट माहेरच्या आडनावाचं आणि आधार सासरच्या. कंपनीत रुजू होतानाही अडतं आणि पीएफ काढतानाही. दहावीचा निकाल लागला की आयटीआयचे ऑनलाइन फॉर्म सुरू होतील, त्याच्या आधी हे नीट झालं पाहिजे. पुढच्या मीटिंगला येताना मुलीचा शाळेचा दाखला, आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि कोर्स झाला असेल तर सर्टिफिकेट घेऊन या. लॅमिनेशन केलेलं असलं तरी भिंतीवरून काढून आणा. चारही कागद शेजारी ठेवून नावं जुळतात का बघू, आणि जिची जुळत नाहीत तिची यादी करून सेवा केंद्रात एकाच दिवशी सगळ्या मिळून जाऊ.